सरबतात सोमल सापडला, पण टाकला कोणी? मल्हारराव गायकवाडांची गादी गेली त्या विषप्रयोगाची गोष्ट

९ नोव्हेंबर १८७४ची सकाळ. वडोदऱ्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर फेरफटका मारून बंगल्यावर परतले. रोजच्यासारखा त्यांच्या खोलीत पपनसाच्या सरबताचा ग्लास भरून ठेवलेला होता. त्यांनी दोन-तीन घोट घेतले आणि कामाला बसले. थोड्याच वेळात मळमळायला लागलं, डोकं गरगरायला लागलं. सरबत बिघडलं असेल असं समजून त्यांनी उरलेलं व्हरांड्याकडे फेकून दिलं. ग्लास खाली ठेवताना तळाकडे लक्ष गेलं, तर तिथे काळपट गाळ बसला होता.

पुढच्या सहा महिन्यांत या गाळावरून दोन डॉक्टर, मुंबईचे पोलीस, लंडनहून आलेला नामांकित वकील, तीन इंग्रज अधिकारी, दोन महाराजे आणि एक माजी दिवाण कामाला लागले. शेवटी वडोद्याच्या गादीवरून मल्हारराव गायकवाड उतरले. गाळात विष होतं हे प्रयोगशाळेने लवकरच सांगितलं. ते कोणी टाकलं, हे मात्र सगळ्यांना पटेल अशा रीतीने कधीच ठरलं नाही.

मुळात मराठी राजाच्या राजधानीत इंग्रज रेसिडेंट बसला कसा, ते आधी बघायला हवं. त्यातला एक धागा वसईपर्यंत येतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईत इंग्रजांशी तह केला. तैनाती फौज, इंग्रजांच्या परवानगीशिवाय परराष्ट्र संबंध नाहीत वगैरे कलमं शाळेच्या पुस्तकात असतात. त्याच तहात आणखी एक गोष्ट होती. पेशवे आणि गायकवाड यांच्यातल्या देण्याघेण्याच्या वादात कंपनीची मध्यस्थी पेशव्यांनी मान्य केली. त्याच वर्षी गायकवाडांच्या घरातल्या भांडणात कंपनीने हात घातला होता आणि मेजर वॉकर वडोद्यात रेसिडेंट म्हणून बसला होता. म्हणजे एका बाजूने वडोद्यात इंग्रज शिरले आणि दुसऱ्या बाजूने वसईत पेशव्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून वडोद्यात राजा गायकवाड असला, तरी त्याच्यावर नजर ठेवणारा एक साहेब कायम राजधानीत होता. राजा बदलला, दिवाण बदलला तरी साहेबाची खुर्ची तशीच राहिली.

मल्हाररावांचा जन्म १८३१चा. वडील दुसरे सयाजीराव. सयाजीरावांनंतर गादी थोरल्या गणपतरावांकडे गेली, १८५६ मध्ये ती खंडेरावांकडे आली. मल्हारराव धाकटे, त्यामुळे त्यांच्या वाट्याला राजवाड्यातलं आयुष्य आलं, सत्ता नाही. खंडेरावांना या भावाबद्दल कायम संशय होता. १८६३ मध्ये खंडेरावांना ठार मारण्याचा कट उघडकीला आल्याचं सांगण्यात आलं. त्यात विषाचंही नाव होतं आणि जादूटोण्याचंही. संशय मल्हाररावांवर आला आणि त्यांची रवानगी पादऱ्याच्या कैदेत झाली. विषप्रयोगाचा आरोप त्यांच्यावर फेअरच्या ग्लासच्या अकरा वर्षं आधीच झाला होता, ही गोष्ट पुढच्या प्रकरणात फार महाग पडली.

पादऱ्यात त्यांची सुमारे सात वर्षं गेली. नोव्हेंबर १८७० मध्ये खंडेराव अचानक वारले, मुलगा नव्हता, आणि कैदेत असलेला भाऊ थेट गादीवर आला. पण पूर्ण नाही. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला तर गादी त्याची. जमनाबाईंना आपल्या जिवाची भीती वाटत होती आणि त्या रेसिडेन्सीच्या आसऱ्याला गेल्या. जुलै १८७१ मध्ये त्यांना मुलगी झाली. मल्हाररावांची गादी पक्की झाली आणि जमनाबाई पुढे पुण्याला गेल्या. त्यांचं नाव लक्षात ठेवा, त्या या गोष्टीत परत येणार आहेत.

सात वर्षं कोंडून ठेवलेल्या माणसाच्या हातात एकदम खजिना आला की काय होतं, ते वडोद्याने बघितलं. खंडेरावांनी चांदीच्या तोफा केल्या होत्या, मल्हाररावांनी सोन्याच्या केल्या. भावाच्या काळातल्या कारभाऱ्यांना त्यांनी धारेवर धरलं. खंडेरावांचे मंत्री भाऊ शिंदे तुरुंगातच मेले आणि त्यांना विष दिलं गेल्याची कुजबुज झाली. सारावसुली वाढली, सावकारांच्या ठेवी अडकल्या, बायकांना जबरदस्तीने राजवाड्यात आणल्याच्या तक्रारी झाल्या. हे सगळं इंग्रजांनी रचलेलं होतं असं म्हणून चालणार नाही. तक्रारी करणारे लोक खरे होते.

मार्च १८७३ मध्ये कर्नल फेअर रेसिडेंट म्हणून आले. माणूस कडक, स्वतःच्या मतावर ठाम आणि मल्हाररावांना सुधारण्यापेक्षा उघडं पाडण्यात जास्त रस असलेला. त्यांच्या अहवालांवरून कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. १८७४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक यांनी महाराजांना बजावलं की १८७५ संपेपर्यंत कारभार सुधारा, नाहीतर गादी सोडा. मल्हाररावांनी दिवाण म्हणून आणलं ते थेट दादाभाई नौरोजींना. दादाभाईंनी बाळ मंगेश वागळे यांच्यासारखी माणसं सोबत घेतली आणि कारभार रुळावर आणायचा प्रयत्न सुरू केला. फेअरना दादाभाईही नको होते. महाराज आणि रेसिडेंट यांच्यामध्ये या दिवाणाचं भरीत होत होतं.

त्यातच मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केलं आणि ऑक्टोबर १८७४ मध्ये त्यांना मुलगा झाला. हे लग्न आणि हा वारस फेअर मानायला तयार नव्हते. वैतागून महाराजांनी २ नोव्हेंबरला व्हाइसरॉयना खलिता धाडला, की या रेसिडेंटची इथून बदली करा. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी सरबताचा ग्लास.

ज्याची बदली मागितली, त्यालाच आठवड्याभरात विष घालायचं, हे एखाद्या कटवाल्याच्या दृष्टीने अडाणीपणाचं होतं. पण अडाणी कटही होतात, हेही खरंच.

गाळात नेमकं काय होतं?

फेअरनी ग्लास रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सिवर्ड यांच्याकडे दिला. सिवर्डनी गाळातला काही भाग स्वतःच तपासला. कोळशाबरोबर तापवल्यावर त्यांना नळीत धातूसारखं चमकणारं कडं दिसलं. ही सोमल ओळखायची जुनी पद्धत. सोमल म्हणजे पांढरं आर्सेनिक, आर्सेनिकचं ऑक्साइड. कोळसा त्यातला ऑक्सिजन ओढून घेतो, मोकळं झालेलं आर्सेनिक वाफ होऊन वर चढतं आणि नळीच्या थंड भागावर काळसर आरशासारखं चिकटतं.

सोमल विष म्हणून का लोकप्रिय होता, ते कळायला फार रसायनशास्त्र लागत नाही. रंग पांढरा, वास नाही, चव जवळजवळ नाही. सुमारे दोन ग्रेन, म्हणजे शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम, एवढासुद्धा मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकतो. लक्षणं पटकीसारखी, त्यामुळे पटकीच्या काळात कोणाला शंका यायची नाही. त्यात एक खोट आहे. गार पाण्यात तो नीट विरघळत नाही आणि जड असल्यामुळे खाली बसतो. फेअर यांचा जीव वाचला तो बहुधा यामुळेच. त्यांनी वरचे घोट घेतले, विष तळाशी राहिलं.

उरलेला गाळ सिवर्डनी मुंबईला पाठवला. वडोद्याहून वसई खाडी ओलांडून मुंबईत येणारा लोहमार्ग सुरू होऊन तेव्हा जेमतेम दहा वर्षं झाली होती. मुंबईत सरकारचा रासायनिक विश्लेषक असायचा. विहिरीतलं पाणी, मेलेल्या माणसाचं पोट, संशयास्पद पुड्या, असं सगळं इलाख्यातून त्याच्याकडे यायचं. त्या वेळी हे काम डॉ. वेलिंग्टन ग्रे बघत होते.

आर्सेनिक शोधण्याचं तंत्र तेव्हा चांगलंच पुढे गेलेलं होतं. १८३६ मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनतज्ज्ञाने एक चाचणी काढली. त्याआधी एका खुनाच्या खटल्यात त्याने आर्सेनिक शोधून दाखवलं होतं, पण कोर्टात पोचेपर्यंत नमुना खराब झाला आणि आरोपी सुटला. त्या चिडीतून त्याने नवी रीत शोधली. संशयित पदार्थ, जस्त आणि आम्ल एकत्र केलं की हायड्रोजन निघतो. आर्सेनिक असेल तर ते त्या हायड्रोजनशी जुळून विषारी वायू बनतो. तो पेटवून ज्योतीवर चिनी मातीची थंड बशी धरली की बशीवर आर्सेनिकचा काळा डाग पडतो. मिलिग्रॅमच्या पन्नासाव्या भागाइतकं आर्सेनिकसुद्धा यात पकडता यायचं. १८४१ मध्ये राइन्श या जर्मनाने तांब्याची पट्टी वापरून आणखी सोपी चाचणी दिली. या चाचण्या आल्यावर युरोपात सोमल घालून सुटणं अवघड होऊन बसलं.

ग्रे यांचं उत्तर आलं. पावडरीत सोमल आहे, आणि त्यासोबत बारीक कुटलेली चमकदार पूड आहे. काच किंवा गारगोटीची वाटते, काही कण गुलाबी-जांभळट दिसतात.

इथे एक गमतीची गोष्ट घडली. फेअर यांच्याकडे खबर होती की विषात सोमल, हिऱ्याची पूड आणि तांबं, असं तिन्ही घातलं आहे. ही खबर विश्लेषकाच्या कानावर गेली. त्यानंतर त्या चमकदार पुडीबद्दल हिऱ्याचाही विचार झाला आणि ती हिऱ्याची असू शकते असं मत आलं. तांबं मात्र सापडलं नाही.

आपल्याकडे हिरकणी गिळून जीव देण्याच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्या जातात. प्रत्यक्षात हिरा म्हणजे शुद्ध कार्बन. पोटातल्या आम्लाने त्याला काही होत नाही आणि त्याच्यामुळे माणूस विषबाधेने मरत नाही. म्हणजे त्या ग्लासात मारणारा घटक एकच होता, आणि तो कुठल्याही बाजारात मिळायचा. पण सोमल कोणीही आणू शकतो, हिरे राजवाड्यातच असतात. त्यामुळे हिऱ्याचं नाव घेतलं की बोट आपोआप महाराजांकडे वळत होतं. तपासणाऱ्याला काय सापडणार हे आधी सांगून ठेवणं आजच्या कुठल्याही प्रयोगशाळेत चालणार नाही.

नमुन्याची वाटचालही फार सरळ नव्हती. पीडितानेच सरबत फेकलं. पहिल्या डॉक्टरने घरच्या घरी गाळातला भाग वापरून टाकला. फेकलेल्या सरबताच्या जागेवरचा चुना खरवडून नंतर मुंबईला पाठवला, त्यातही सोमल निघाला. सोमल होता यावर कोणी गंभीर शंका घेतली नाही. प्रश्न पुढचा होता.

पट्ट्यात सापडलेली पुडी

गंमत म्हणजे महाराजांनी मागितलेली बदली नोव्हेंबर संपायच्या आत मंजूर झाली. फेअर गेले, सर लुईस पेली आले. तपासाला मुंबईचे पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आणि त्यांची माणसं आली. डिसेंबरच्या शेवटी रेसिडेन्सीतला हवालदार रावजी फुटला. त्याचं म्हणणं असं, की जमादार नरसू आणि तो राजवाड्यात महाराजांना भेटायचे, तिथून पुड्या मिळाल्या आणि मोठ्या इनामाचं आमिष मिळालं. माफीच्या बोलीवर तो साक्षीदार झाला. त्याच्या जुन्या पट्ट्यात पोलीस अधिकारी अकबर अली यांना एक पुडी सापडली. ग्रे यांनी तपासली तर सात ग्रेन सोमल. विष घालून दीड महिना उलटल्यावर कोणी उरलेलं विष पट्ट्यात जपून ठेवतं का, असा प्रश्न बचाव पक्षाला पडला नसता तरच नवल. नरसूनेही कबुली दिली, मग रेसिडेन्सीतल्याच विहिरीत उडी टाकली, त्याला वर काढलं. महाराजांचा खासगी सचिव दामोदरपंत कैदेत असताना बोलला आणि सोमल नि हिरे कुठून आणले ते सांगितलं. ज्या जवाहिऱ्याचं नाव आलं, तो साक्षीला उभा राहिल्यावर फिरला आणि आधीचा जबाब आपल्यावर दबाव टाकून घेतल्याचं सांगू लागला.

जानेवारी १८७५ मध्ये दादाभाईंनी दिवाणगिरी सोडली. त्याच महिन्यात मल्हाररावांना अटक झाली आणि इंग्रजांनी राज्य आपल्या ताब्यात घेतलं.

२३ फेब्रुवारीला कमिशन बसलं. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, सोबत मीड आणि मेलव्हिल हे दोन इंग्रज. भारतीय बाजूने ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. यातले मीड म्हणजे वर्षभरापूर्वी मल्हाररावांच्या कारभाराविरुद्ध अहवाल देणारेच मीड. महाराजांनी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा फौजदारी खटल्यांत नाव कमावलेला वकील आणला. त्याने उलटतपासणीत रावजी आणि दामोदरपंत यांच्या जबाबांना बरीच भोकं पाडली. रसायनतज्ज्ञांशी त्याचं फारसं भांडण नव्हतं. विष होतं, मान्य. पण पुडीवर महाराजांचं नाव कुठे होतं? दोन ठिकाणचा सोमल एकाच दुकानातला आहे का, हे सांगणारी चाचणी त्या काळी नव्हती. सगळा भार फुटलेल्या साक्षीदारांवर होता, आणि ते साक्षीदार पोलिसांच्या ताब्यात राहून आले होते.

निकाल तीन विरुद्ध तीन लागला. तिन्ही इंग्रजांच्या मते महाराज दोषी. शिंदे आणि दिनकरराव यांच्या मते महाराजांवरचा आरोप सिद्ध झालेला नाही, आणि रामसिंहांच्या मते ते निर्दोष. पुरावा एकच, ग्लास एकच, अहवाल एकच, आणि मतं कातडीच्या रंगाप्रमाणे बरोब्बर दुभंगली. हे त्या वेळी पुणे-मुंबईच्या वर्तमानपत्रांच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. पुण्याची सार्वजनिक सभा महाराजांच्या बाजूने उभी राहिली. मल्हारराव चांगले राजे होते म्हणून नव्हे, तर उद्या कोणत्याही राजाला असं उचलता येईल म्हणून.

सरकारची पंचाईत झाली. दोषी म्हणावं तर कमिशन अर्धं फुटलेलं. सोडावं तर नाक कापलं जाणार. मग एप्रिल १८७५ मध्ये वेगळीच वाट काढली. विषप्रयोगाच्या आरोपावर नव्हे, तर गैरवर्तन, गैरकारभार आणि सुधारणा करण्याची कुवत नसणं या कारणांवर मल्हाररावांना पदच्युत केलं. कारभार सुधारायला दिलेली मुदत १८७५ अखेरपर्यंत होती, तिला अजून आठ महिने शिल्लक होते.

शोध आणि आरोप यांच्यातलं हे अंतर फक्त १८७५ची अडचण नव्हती. पहिल्या महायुद्धात रासायनिक अस्त्रं आली, त्यातही आर्सेनिक होतं. जर्मनांनी १९१७ मध्ये आर्सेनिकयुक्त शिंक आणणारी द्रव्यं तोफगोळ्यांतून टाकली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेत तयार झालेलं ल्युइसाइटही आर्सेनिकचंच संयुग. आज अशी द्रव्यं ओळखायला गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर वापरतात. पहिलं यंत्र मिश्रणातले पदार्थ वेगळे करतं, दुसरं प्रत्येक रेणूचे तुकडे करून त्यांच्या वजनावरून तो ओळखतं. नमुना सीलबंद येतो, किमान दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत जातो आणि सोबत मुद्दाम स्वच्छ नमुनेही मिसळतात, म्हणजे आधीच मनात धरलेलं उत्तर पकडलं जातं. हिऱ्याच्या पुडीसारखा घोळ टाळायला हे सगळं लागतं.

तरीही २०१३ मध्ये सीरियातल्या घौटा इथे संयुक्त राष्ट्रांच्या पथकाला सारिन सापडलं तेव्हा त्यांना फक्त वापर झाला का एवढंच सांगायची मुभा होती, कोणी केला हे नाही. रासायनिक अस्त्रबंदी संघटनेला नाव घेण्याचा अधिकार सदस्य देशांनी मतदानाने दिला तो २०१८ मध्ये, आणि त्यावरही देश फुटले. या संघटनेने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळांमध्ये भारताची एक आहे, ती ग्वाल्हेरच्या डीआरडीईमध्ये. त्या संस्थेची सुरुवात जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा या नावाने झाली होती. जिवाजीराव शिंदे म्हणजे मल्हाररावांच्या कमिशनवर बसलेल्या जयाजीरावांचे नातू.

मल्हाररावांना मद्रासला नेलं. लक्ष्मीबाईंच्या मुलाला वारस मानलं गेलं नाही. जमनाबाईंना पुण्याहून परत आणून दत्तक घेण्याचा अधिकार दिला गेला, आणि त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या गायकवाड घराण्यातला गोपाळ नावाचा मुलगा निवडला. २७ मे १८७५ रोजी तो दत्तक झाला आणि सयाजीराव तिसरे म्हणून गादीवर बसला, आणि तो मोठा होईपर्यंत सर टी. माधवराव यांनी कारभार पाहिला. मल्हाररावांचा मृत्यू १८८२ मध्ये मद्रासलाच, नजरकैदेत झाला. त्यांच्या आयुष्यातली ही दुसरी कैद होती, आणि दोन्ही वेळा आरोपांत विष होतं.